आज्ञावलीचीं ठिगळें

हिंगोली जिल्ह्यांतील शिरड शहापूरच्या परिसरांत, औंढा नागनाथाजवळ, ‘लायगो-इंडिया’ या वेधशाळेसाठीं जागा निवडण्यांत आली आहे. प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांतून प्रकाश खेळवून, कृष्णविवरांच्या टकरींतून उठणाऱ्या गुरुत्वीय लहरी टिपणें हें तिचें कार्य. या योजनेस २०१६ सालीं तत्त्वतः मान्यता मिळाली, आणि २०२३ सालीं सुमारें २,६०० कोटि रुपयांचा खर्च मंजूर झाला.

अशा यंत्रांतून येणाऱ्या आंकड्यांच्या राशींतून लहर वेंचून काढण्याचें काम संगणकाच्या आज्ञावली करतात. लायगोच्या शास्त्रज्ञांचा ‘एलएएलसूट’ हा आज्ञावलींचा संच ‘गिट’ या व्यवस्थेंत ठेवलेला आहे. लिनस टोरवाल्ड्स यांनीं २००५ सालीं रचलेली ही व्यवस्था म्हणजे आवृत्त्यांची एक वही आहे, असें श्रोत्यांनीं समजावें. कोणी, केव्हां व कोणती ओळ बदलली, हें तींत नोंदलें जातें.

आतां अशी कल्पना करा, कीं येथील एखाद्या संशोधकास आपल्या यंत्रापुरत्या कांहीं ओळी बदलावयाच्या आहेत. मूळ आज्ञावली तर सतत पुढें सरकत आहे. त्यानें आपले बदल मूळांत सरमिसळ केले, तर पुढील आवृत्ति येतांच आपलें कोणतें व मूळचें कोणतें, हें सांगणें कठीण होईल. लहर सांपडल्याची वार्ता जगास द्यावयाची, तर ती आकाशांतून आली कीं आपल्या ओळींतून, याचा निकाल आधीं लागला पाहिजे. म्हणून प्रत्येक दुरुस्तीचें वेगळें ठिगळ राखण्याची रीत पडली आहे. त्यास ‘पॅच’ म्हणतात. जुनी ओळ कोणती व नवी कोणती, एवढेंच त्यांत लिहिलेलें असतें. तें आपोआप लावणारें साधन लॅरी वॉल यांनीं १९८५ सालीं केलें.

एक-दोन ठिगळें असतील, तर गिटची स्वतःची सोय पुरते. दहा-वीस झालीं, आणि एक दुसऱ्यावर अवलंबून राहूं लागलें, म्हणजे निराळें साधन निवडणें भाग पडतें.

त्यांत पहिलें ‘क्विल्ट’. या शब्दाचा अर्थच गोधडी. अँड्र्यू मॉर्टन यांनीं लिनक्सच्या कामासाठीं लिहिलेल्या छोट्या आज्ञावलींवरून तें तयार झालें. यांत प्रत्येक ठिगळ ही एक साधी फाईल असते, आणि लावण्याचा क्रम एका यादींत लिहिलेला असतो. वरचें ठिगळ उसवावें, खालचें दुरुस्त करावें, पुन्हां वरचें घालावें. गिट नसलें तरी याचें अडत नाहीं. डेबियन या प्रणालींत हीच रीत रूढ आहे. उणीव एवढीच, कीं मूळ ओळी फार बदलल्या म्हणजे ठिगळ हातानें बसवावें लागतें.

दुसरें ‘स्टॅक्ड गिट’. येथें प्रत्येक ठिगळ ही गिटमधीलच एक नोंद असते. मूळ, आपली व नवी अशा तीन प्रती ताडून पाहिल्या जात असल्यामुळें बरेंच काम आपोआप निभतें. परंतु ठिगळ सुधारलें, कीं जुन्या नोंदीच्या जागीं नवी येते. त्याच शाखेवर दुसरा कोणी काम करीत असेल, तर त्याचा हिशेब चुकतो.

तिसरें ‘टॉपगिट’. यांत प्रत्येक ठिगळास स्वतंत्र शाखा मिळते व तिचा इतिहास पुसला जात नाहीं. अनेकांनीं मिळून काम करण्यास हें सोईचें. मात्र खालची शाखा बदलली, कीं तो बदल वरच्या प्रत्येक शाखेंत मिसळावा लागतो.

तेव्हां निवड करतांना दोन गोष्टी विचाराव्या: ठिगळ किती काळ राहणार, आणि किती हातांतून जाणार? एकट्याचें काम असून ठिगळें लवकरच मूळ पालकांकडे पाठवावयाचीं असतील, तर स्टॅक्ड गिट घ्यावें. तीं वर्षानुवर्षें आपल्याजवळ राहणार असतील, तर क्विल्ट बरें. त्याच्या फाईली गिटमध्यें ठेवाव्या, म्हणजे ठिगळांचाहि इतिहास राहतो. अनेक जण एकाच ठिगळावर खपणार असतील, तर टॉपगिटचा खटाटोप सोसावा.

साधन कोणतेंहि असो, ठिगळ कां लावलें, हें त्याच्या माथ्यावर दोन ओळींत लिहावें. आणि मूळ पालकांनीं तें स्वीकारलें, कीं त्याच दिवशीं आपल्या गोधडींतून काढून टाकावें.