‘बोर्ड’ ते ‘बोर्डिंग’ : एका इंग्रजी क्रियापदाचा अर्थप्रवास

प्रस्तावना :

सातारा जिल्ह्यातील पाचगणी हे गाव थंड हवेइतकेच ‘बोर्डिंगच्या शाळां’साठी प्रसिद्ध आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जॉन चेसन यांच्या देखरेखीखाली ही वसाहत आकारास आली. पुढे सेंट जोसेफ्स कॉन्व्हेंट (१८९५), संजीवन विद्यालय (१९२२), न्यू एरा हायस्कूल (१९४५) अशा निवासी शाळांनी तिला आजची ओळख दिली. ‘बोर्डिंग’ हा शब्द आपण सर्रास ‘राहण्याची सोय’ या अर्थाने वापरतो. वास्तविक, ज्या ‘बोर्ड’ या इंग्रजी क्रियापदापासून तो आला, त्याचा मूळ संबंध निवासाशी नसून जेवणाशी आहे. प्रस्तुत लेखात या क्रियापदाच्या अर्थांतरांचा मागोवा घेऊन मराठी समाजात त्याला कोणता आशय प्राप्त झाला, हे पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

फळीपासून भोजनापर्यंत :

प्राचीन इंग्रजीत ‘बोर्ड’ म्हणजे लाकडाची फळी. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये जेवणाच्या वेळी लाकडी आधारांवर फळ्या टाकून मेज मांडीत आणि जेवणे आटोपली की त्या उचलून ठेवीत. साहजिकच फळी म्हणजे मेज आणि मेज म्हणजे त्यावर वाढलेले अन्न, असा अर्थविस्तार झाला. आपल्या साहित्यशास्त्राच्या परिभाषेत ही लक्षणाच होय. ‘पाने वाढली’ असे आपण म्हणतो तेव्हा वाढलेले असते ते अन्न, पान नव्हे. तसाच हा प्रकार. सोळाव्या शतकापर्यंत ‘बोर्ड’ हे ‘मोबदला घेऊन जेवू घालणे’ किंवा ‘मोबदला देऊन जेवणे’ या अर्थाचे क्रियापद बनले. निवासाचा अर्थ त्याला नंतर चिकटला. हॉटेलांच्या पाट्यांवरील ‘बोर्डिंग-लॉजिंग’ ही जोडी म्हणूनच द्विरुक्ती ठरत नाही : पहिला शब्द जेवणाचा, दुसरा मुक्कामाचा. मेजाभोवती बसून निर्णय घेणारे मंडळही ‘बोर्ड’च, परीक्षेचे ‘बोर्ड’ याच वंशातले.

जहाजाच्या कडेपासून विमानापर्यंत :

या क्रियापदाचा दुसरा प्रवाह वेगळा आहे. जहाजाची कड या अर्थाचा एक जुना जर्मानिक शब्द उच्चारसाम्यामुळे ‘फळी’वाचक शब्दात मिसळून गेला. त्यातून ‘शत्रूच्या जहाजाला भिडून त्यावर चढाई करणे’ असा युद्धविषयक अर्थ आला. शेक्सपिअरच्या ‘ट्वेल्फ्थ नाइट’मध्ये तो एखाद्या स्त्रीशी पुढे होऊन बोलणे, सलगी करणे येथवर लाक्षणिकरीत्या पोहोचलेला दिसतो. कालांतराने चढाईतील आक्रमकता लोपून केवळ ‘चढणे’ उरले. जहाजानंतर आगगाडी आणि मग विमान! आजचा ‘बोर्डिंग पास’ या शाखेतील आहे. ‘बोर्डिंग स्कूल’शी त्याचे नाते फक्त ध्वनीचे.

मराठी मुलखातील ‘बोर्डिंग’ :

मराठीने हे क्रियापद स्वीकारले नाही. त्याचे ‘बोर्डिंग’ हे रूप नाम म्हणून घेतले. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांच्या प्रेरणेने १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले व पुढे निरनिराळ्या समाजांची स्वतंत्र बोर्डिंगे उभी राहिली. या जातवार रचनेचा विचार शब्दार्थाच्या अंगानेही करता येतो. एका छपराखाली राहण्यापेक्षा एका पंगतीत जेवणे हा त्या काळी अधिक कठीण प्रश्न होता, आणि ‘बोर्ड’चा गाभा नेमका जेवणच आहे.

हा प्रश्न कर्मवीर भाऊराव पाटील यांनी कृतीने सोडविला. १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केल्यानंतर १९२४ साली त्यांनी सातारा येथे सर्व जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंग सुरू केले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. येथे मुले एकत्र स्वयंपाक करीत आणि एकत्र जेवीत. या मुलांची पोटे भरावीत म्हणून लक्ष्मीबाई पाटील यांनी अंगावरील दागिने, अखेर मंगळसूत्रही दिले. पाचगणीच्या निवासी शाळांत शुल्क घेऊन जेवू घालणे हा क्रियापदाचा कोशातील अर्थ पाळला गेला. साताऱ्यात मोबदल्याची जागा श्रमाने आणि त्यागाने घेतली.

समारोप :

‘बोर्डिंग’साठी आपण ‘वसतिगृह’ हा सुबक पर्याय योजला. परंतु त्यात ‘वसती’ राहिली आणि ‘पंगत’ गळाली. भाषांतरात शब्द मिळतो, तरी त्यामागील व्यवहार निसटू शकतो, याचे हे बोलके उदाहरण होय. अर्थपरिवर्तन शिकविताना परकी उदाहरणांबरोबर आपल्या परिसरातील असा एखादा शब्द वर्गात घेतल्यास, शब्दाचा अर्थ कोशाइतकाच समाजाच्या पंगतीतही ठरत असतो, हे विद्यार्थ्यांच्या सहज लक्षात येईल.