डोक्यावरचा पत्रा, हातातला ग्राइंडर

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं आणि श्रीवर्धन-मुरुडपासून दापोली-मंडणगडपर्यंत माडा-पोफळींबरोबर घरांची छपरंही गेली. कौलं उडाली, लोखंडी पत्रे चुरगळले आणि सिमेंटचे पत्रे जागच्या जागी फुटले. वादळानंतर छप्पर पुन्हा घालण्याची घाई असते, त्यामुळे फुटक्या पत्र्यांचं काय करायचं हा प्रश्न कुणालाच पडत नाही. तुकडे खराट्याने लोटायचे, मोठे असतील तर हातोड्याने बारीक करायचे आणि रस्त्यावरच्या खड्ड्यात भर म्हणून टाकायचे. कोकणातच नव्हे, सगळीकडे हीच रीत आहे.

या पत्र्यात साधारण नव्वद टक्के सिमेंट आणि तत्सम माल असतो. उरलेल्या आठ-दहा टक्क्यांत असतो क्रिसोटाइल, म्हणजे पांढरा अ‍ॅस्बेस्टॉस. हे तंतुमय खनिज जळत नाही, कुजत नाही आणि ओल्या सिमेंटला आतून धरून ठेवतं. लुडविग हाटशेक या ऑस्ट्रियन कारखानदाराने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही युक्ती शोधली आणि सहा मिलिमीटर जाडीचं, स्वस्त, न गंजणारं छप्पर जगाला मिळालं. पत्र्याचे गुण नाकारण्यात अर्थ नाही. पावसात तो लोखंडी पत्र्यासारखा कान किटवत नाही आणि खाऱ्या हवेतही टिकतो. गोठा, पडवी, पोल्ट्री, चाळ, शाळा, कारखाना अशा सगळ्या ठिकाणी तो पोचला तो याच गुणांवर. युरोपीय संघाने २००५ पासून अ‍ॅस्बेस्टॉस पूर्ण बंद केला, ऑस्ट्रेलियाने त्याच्याही आधी, अमेरिकेने २०२४ मध्ये क्रिसोटाइलवर बंदीचा नियम केला. भारत मात्र आज जगातला सर्वांत मोठा आयातदार आहे. माल मुख्यतः रशिया-कझाकस्तानकडून येतो.

घोटाळा तंतूच्या आकारात आहे. अ‍ॅस्बेस्टॉसचा तंतू मोडताना आडवा तुटत नाही, उभा चिरत जातो आणि अधिकाधिक बारीक होतो. शेवटी तो डोळ्यांना दिसत नाही, तासन्‌तास हवेत तरंगतो आणि श्वासाबरोबर फुप्फुसाच्या टोकापर्यंत जातो. तिथल्या भक्षक पेशी त्याला गिळू पाहतात, पण तंतू पेशीपेक्षा लांब असेल तर पेशी अर्धवट गिळून अडकते, मरते आणि दाह निर्माण करणारी रसायनं सोडते. मग दुसरी पेशी येते. हे वर्षानुवर्षं चालतं. त्यातून फुप्फुस निबर होण्याचा रोग होतो, फुप्फुसाचा कर्करोग होतो, आणि फुप्फुसावरच्या पातळ आवरणाचा मेसोथेलिओमा हा दुर्मिळ, जवळजवळ नेहमीच जीवघेणा कर्करोग होतो. धूम्रपान करणाऱ्याला फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका कैक पटींनी वाढतो. यातलं काहीही लगेच दिसत नाही. वीस, तीस, चाळीस वर्षं जातात आणि तोवर कुठल्या कामावर कसली धूळ खाल्ली होती हे माणूस विसरलेला असतो.

मेसोथेलिओमाचा अ‍ॅस्बेस्टॉसशी संबंध १९६० साली वॅग्नर आणि सहकाऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या निळ्या अ‍ॅस्बेस्टॉसच्या खाणपट्ट्यात दाखवला. त्यांच्या ३३ रुग्णांत कधीही खाणीत न उतरलेले, नुसते आसपास लहानाचे मोठे झालेले लोकही होते. १९६५ च्या लंडनमधल्या अभ्यासात तर कामगारांचे धुळीने भरलेले कपडे घरी धुणाऱ्या बायकाही सापडल्या. पांढरा अ‍ॅस्बेस्टॉस निळ्यापेक्षा सौम्य आहे, असा युक्तिवाद उद्योगाकडून नेहमी होतो. मेसोथेलिओमापुरता त्यात तथ्यांश आहे. पण जागतिक आरोग्य संघटना सर्वच प्रकारांना कर्करोगकारक मानते आणि सुरक्षित अशी किमान पातळी सांगत नाही.

मग घरावरचा पत्रा उद्याच काढायचा का? नाही. धड असलेल्या पत्र्यात तंतू सिमेंटमध्ये घट्ट बसलेले असतात आणि त्याखाली झोपल्याने आजार होत नाही. घाबरून, घाईने, कसाही उतरवलेला पत्रा तसाच राहू दिलेल्या पत्र्यापेक्षा जास्त धूळ करतो. जुना, शेवाळलेला, वरचा थर भुरभुरीत झालेला पत्रा वेगळा, तो बदलावा. तोवर त्यावर काथ्याचा ब्रश मारू नये, प्रेशरच्या पाण्याने शेवाळ उडवू नये, पंख्याच्या हुकासाठी भोक पाडू नये. पागोळीखालच्या पन्हळीत साठलेला गाळही कोरडा खरवडू नये, कारण झिजलेले तंतू वाहून तिथेच येतात.

सगळ्यात वाईट काम ग्राइंडर करतो. पूर्वी करवतीने कापायचे तेव्हाही धूळ व्हायची, पण वेगाने फिरणारी चकती काही मिनिटांत पांढरा ढग उभा करते आणि तो ढग कारागिराच्या नाकासमोरच असतो. एकदा शेजारी पत्रा कापला म्हणून कुणी हाय खाऊ नये. धोका मात्रेप्रमाणे वाढतो. पण जो माणूस रोज हेच करतो त्याची मात्रा रोज वाढते.

उतरवायची रीत अवघड नाही, सावकाश करायची आहे. आधी घरातलं सामान हलवा किंवा झाका, मुलांना लांब पाठवा. पाण्यात थोडा धुण्याचा साबण मिसळून शेतातल्या फवारणी पंपाने पत्रा हलकेच भिजवा. साबणामुळे पाणी भेगांत मुरतं आणि तंतू हवेत उडत नाहीत. जे-हुकचे नट पान्याने सोडवा. गंजून बसले असतील तर हुक खालून कापा, पण पत्रा फोडू नका. तीन मीटरचा पत्रा चाळीसेक किलोचा असतो, म्हणून दोघांनी धरून अख्खा खाली द्यायचा, टाकायचा नाही. पत्र्यावर थेट पाय तर मुळीच ठेवू नये. भिजलेला जुना पत्रा माणसाच्या वजनाने सहज फुटतो, तेव्हा आधाराच्या पट्ट्यांवर फळ्या टाकून त्यांवरूनच चालावं आणि कमरेला सुरक्षा दोर बांधावा. तोंडाला बांधलेला रुमाल कुचकामी. कोविडमुळे घरोघरी पोचलेला एन-९५ रुमालापेक्षा बरा, तरी अशा कामाला पी-१०० फिल्टरचा, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क हवा, आणि दाढी असेल तर तोही नीट बसत नाही. शेवटी झाडू नाही, ओलं फडकं. तेही तुकड्यांबरोबर पिशवीतच जायचं. कपडे घरच्या धुण्यात मिसळायचे नाहीत.

पुढे घोडं अडतं. उतरवलेले पत्रे जाड प्लॅस्टिकमध्ये दुहेरी गुंडाळून, वर ‘अ‍ॅस्बेस्टॉस’ असं लिहून घातक कचऱ्याच्या केंद्रावर जायला हवेत. महाराष्ट्रात तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी इथे अशी केंद्रं आहेत, पण ती मुख्यतः कारखान्यांसाठी उभारलेली. गुहागरच्या माणसाने चौदा पत्रे तिथवर कसे न्यायचे? व्यवहारात ते भंगारवाल्यामार्फत दुसऱ्याच्या गोठ्यावर चढतात किंवा राडारोड्यात जातात. नगरपालिकांनी पावसाळ्याआधी वर्षातून एकदा गुंडाळलेले पत्रे उचलायला गाडी फिरवली तरी बराच प्रश्न सुटेल असं मला वाटतं.

अ‍ॅस्बेस्टॉस ‘नियंत्रित वापरात’ सुरक्षित आहे, हे म्हणणं कारखान्याच्या फाटकापर्यंत कदाचित तपासता येईल. २७ जानेवारी १९९५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी नोकरी लागल्यापासून किमान ४० वर्षं किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षं, यांत जे नंतर येईल तोवर ठेवायला सांगितल्या. रोगाची चाल ओळखून दिलेला तो आदेश होता. पण पत्रा फाटकाबाहेर पडला की तो हाताळणारा असतो नाक्यावरून आणलेला बिगारी, आणि त्याची नोंद एका दिवसाचीही नसते. म्हणून सोसायटीने किंवा घरमालकाने कामाच्या कोटेशनमध्येच लिहून घ्यावं: ग्राइंडर चालणार नाही, पत्रे भिजवून अखंड उतरवायचे, मास्क आणि प्लॅस्टिक मालकाचं. काम एका दिवसाऐवजी तीन दिवस चालेल, आणि वाढीव मजुरी मालकानेच द्यायची आहे.