फॉरमॅट कधी मारायचा?

नागपूर-हैदराबाद महामार्गाला चंद्रपूरचा रस्ता फुटतो त्या जाम चौरस्त्यावर सातबाराची प्रिंट काढायला थांबलं, की पडद्यावरचं चक्र फिरतच राहतं. दुकानदार म्हणतो, "फॉरमॅट मारा लागते आता."

विंडोज ९८, एक्सपीच्या काळात वर्षातून एकदोनदा हे करावंच लागे. आता ठरावीक मुदत नाही. मशीन रांगतं ते बहुधा सोबतच सुरू होणाऱ्या नको त्या प्रोग्रॅममुळे, गच्च भरलेल्या सी ड्राइव्हमुळे, नाहीतर जुन्या फिरत्या हार्ड डिस्कमुळे. तिच्या जागी एसएसडी बसवा, फरक लगेच जाणवेल. व्हायरस हटतच नसेल, तर मात्र फॉरमॅटच. त्याआधी डेस्कटॉपवरच्या फायली पेनड्राइव्हवर घ्या. त्याही सहसा फॉरमॅटमध्ये पुसल्या जाणाऱ्या सी ड्राइव्हमध्येच असतात, आणि मुलांचे फोटो नेमके तिथेच ठेवलेले असतात.