चंद्राखालचा तो तारा कधीपासून होता?

२४ मार्च २०२३. शुक्रवारचा दिवस आणि रमजानचा पहिला रोजा. मगरिबची अजान झाली, खजूर-पाण्याने रोजा सोडून लोक बाहेर आले, तर पश्चिमेला चंद्राच्या कोरीखाली अगदी चिकटल्यासारखा एक टपोरा तारा. गच्चीगच्चीवर मोबाइल वर झाले. कुणी शुभशकुन म्हटले, कुणी उपग्रह. रात्रीपर्यंत हिंदू-मुस्लिम सगळ्यांच्याच मोबाइलवर तोच फोटो फिरत होता.

तो शुक्र होता. त्या दिवशी भारतातून पाहता चंद्राने त्याला काही वेळ झाकले होते आणि अंधार पडेपर्यंत तो चंद्राआडून बाहेर आला होता. योग दुर्मीळ खराच. पण शुक्र काही त्या दिवशी नव्याने उगवला नव्हता. कित्येक आठवडे तो रोज संध्याकाळी त्याच दिशेला तेवत होता. मार्चच्या पहिल्या तारखेला तर गुरू त्याच्या अगदी शेजारी येऊन गेला. भाजी घेऊन घरी निघालेल्या माणसाने मान किंचित वर केली असती, तरी दोघे दिसले असते. चंद्र शेजारी येईपर्यंत बहुतेकांना त्याचा पत्ताच नव्हता.

असे का होते? डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर शाब्री या मानसशास्त्रज्ञांनी १९९९मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. चेंडू एकमेकांकडे टाकणाऱ्या खेळाडूंची चित्रफीत दाखवायची आणि चेंडू किती वेळा हातोहात गेला ते मोजायला सांगायचे. मध्येच गोरिलाच्या वेषातली एक व्यक्ती त्या घोळक्यातून चालत जाते, छाती बडवून निघून जाते. मोजण्यात गुंतलेल्या सुमारे निम्म्या लोकांना ती दिसलीच नाही! रस्त्यावरचा माणूस तर दिवसभर मोजतच असतो. खड्डे, सिग्नल, सुटे पैसे. वरचे आकाश त्याच्या हिशेबात नसते.

डोळ्याच्या कडेला हलणारी वस्तू मात्र लक्ष ओढून घेते. २ एप्रिल २०२२ची संध्याकाळ महाराष्ट्रात अनेकांना आठवत असेल. गुढीपाडवा होता आणि त्याच संध्याकाळी रमजानचा चाँदही दिसला होता. पावणेआठच्या सुमारास विदर्भ-खानदेशच्या आकाशातून पेटते गोळे रांगेने सरकत गेले. उल्का डोळ्याचे पाते लवते न लवते तोच विझते. हे सावकाश चालले होते, शेजाऱ्याला हाक मारून दाखवण्याइतके. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात धातूची मोठी कडी येऊन पडली. अभ्यासकांनी तो २०२१मध्ये उडालेल्या चिनी रॉकेटचा भाग ठरवला. ते दृश्य पाहायला आकाशाची माहिती लागत नव्हती.

जे हलत नाही, आवाज करत नाही, त्याचे काय? तिथे नेहमीचे माहीत असेल तरच वेगळे कळते. मांडणीवरचा एक डबा हलला तर घरातल्या बाईला पटकन कळते, पाहुण्याला नाही. १००६ साली आकाशात अचानक एक झगझगीत तारा प्रकटला. आज आपण त्याला अतिनवतारा म्हणतो. इजिप्तमध्ये तेव्हा वैद्यकाचा विद्यार्थी असलेल्या अली इब्न रिदवानने पुढे त्याचे वर्णन लिहून ठेवले: शुक्राच्या अडीच ते तीन पट मोठा, उजेड चंद्राच्या पाव हिश्श्याहून थोडा अधिक. एवढ्यावर तो थांबला नाही. त्या दिवशी सूर्य, चंद्र आणि बाकीचे ग्रह कुठे होते, तेही त्याने नोंदवले. आकाशाच्या घरातला प्रत्येक डबा त्याला ठाऊक होता.

आपल्या गावात आता मान वर होते ती ठरावीक दिवशी. संकष्टीला पूर्वेकडे, तीही कालनिर्णयमध्ये चंद्रोदयाची वेळ पाहून. आणि इस्लामी महिन्याच्या एकोणतिसाव्या संध्याकाळी पश्चिमेकडे. त्यात दिव्यांचा उजेड वाढतोच आहे. जगभरातल्या निरीक्षकांच्या २०११ ते २०२२च्या नोंदींवरून निघालेला हिशेब असा, की रात्रीचे आकाश दरवर्षी जवळजवळ दहा टक्क्यांनी उजळते आहे. या वेगाने, जिथे जन्माच्या वेळी अडीचशे तारे दिसत होते, तिथे मूल अठरा वर्षांचे होईतो शंभरच उरतील.

एकोणतिसाव्या संध्याकाळी गच्चीवर एक गंमत हमखास घडते. दहा जण टक लावून पाहतात, कुणालाच चाँद दिसत नाही. मग मोहल्ल्यातला एखादा चाचा म्हणतो, त्या कडुनिंबाच्या शेंड्याकडे बघ, आता तिथून चार बोटे डावीकडे. आणि पोर ओरडते, ‘दिसला!’ मग सगळ्यांनाच दिसतो, आणि आधी कसा दिसला नाही याचे नवल वाटते. यामागे कारण आहे. रिकाम्या आकाशात नजरेला धरायला काही नसले की डोळा आपोआप जवळच्याच अंतरावर स्थिरावतो. दूरचे बारीक काही त्याला सापडत नाही. वैमानिकांना हे मुद्दाम शिकवतात. चाचाला ते कुणी शिकवलेले नसते. दूरच्या शेंड्यावर नजर बसली की ती पुढे चंद्रापर्यंत पोहोचते, एवढे त्याला अनुभवाने माहीत असते.

उलटही घडते. बसऱ्याचे काझी इयास यांची गोष्ट जुन्या ग्रंथांत येते. लोक चाँद शोधत होते. त्यांच्यात शंभरीला टेकलेले सहाबी, म्हणजे पैगंबरांचे सोबती, हजरत अनस होते. त्यांनी चाँद दिसल्याचे सांगितले, बोटही दाखवले. दुसऱ्या कुणालाच काही दिसेना. एवढ्या थोर माणसाला खोटे कोण म्हणणार? इयासनी त्यांच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिले. भुवईचा एक पांढरा केस वाकून डोळ्यासमोर आला होता. त्यांनी तो अदबीने बाजूला सारला आणि पुन्हा विचारले. चाँद नाहीसा झाला होता.

म्हणूनच आजही साक्ष द्यायला आलेल्याला विचारतात, सूर्य बुडाला त्याच्या कुठल्या बाजूला होता, किती उंच होता, टोके कुणीकडे वळलेली होती. साऱ्या गावाची ईद त्या उत्तरांवर ठरायची असते. पण हल्ली उत्तर देणारे कमी आणि दुसऱ्या शहरातून मेसेज यायची वाट पाहणारे जास्त. गच्चीवर वीस जण असतात, वीस मोबाइल उजळलेले असतात, आणि कठड्याशी एकटा चाचा कडुनिंबाचा शेंडा शोधत असतो.