अंबाडीचा ताव

बीदरहून औरादकडे जाताना लागणाऱ्या जनवाड्यात, आमच्या घराच्या माळ्यावर, लाल खारव्यात बांधलेला दप्तराचा एक रुमाल आहे. त्यात निजाम सरकारच्या अमदानीतील मोडी फर्दा, पावत्या आणि तगाईचे दाखले आहेत, आणि त्यांच्याच पोटी, १९५६ साली बीदर म्हैसूर राज्यात गेल्यानंतरचे काही गिरणी-कागदही आहेत. हे धाकटे कागद घडीवर मोडतात, बोट लावताच त्यांचा भुगा होतो. वडील कागद मात्र, वाळवीने पोखरले तेवढी जागा सोडली तर, अजून उलगडताना खडखडतात. धाकट्यांनी जराजर्जर व्हावे आणि वडिलांनी धडधाकट राहावे, हा उलटा न्याय मला फार दिवस खुपत होता.

कारण पुस्तकात सापडले. शाई फुटू नये म्हणून गिरणीच्या लगद्यात राळ आणि तुरटी घालीत, आणि त्या तुरटीमुळे कागदाच्या अंगी आलेले आम्ल तंतूंना वर्षानुवर्षे आतून तोडीत राही. दख्खनच्या जुन्या कागदात चुना मुरलेला असे, वरची खळ पिठाची असे, आणि काजळ व डिंक यांची शाई तंतूंना बाधत नसे. परंतु पुस्तकातील ज्ञान हातात उतरत नाही, म्हणून मी कागझीपुऱ्याची वाट धरली.

कागझीपुरा दौलताबाद आणि खुलताबाद यांच्यामध्ये आहे. मुहम्मद तुघलकाने १३२७ च्या सुमारास राजधानी देवगिरीस हलविली, त्या लोंढ्याबरोबर कागद करणारे कारागीर येथे आले, अशी तेथील परंपरा आहे. दौलताबादी आणि जुन्नरी कागदावर पुढे मराठ्यांची दप्तरे पोसली गेली. गिरणीच्या स्वस्त मालापुढे हा धंदा बसला, आणि ग्रामोद्योगाच्या चळवळीतून १९४० साली पुण्यात हातकागद संस्था निघाली, तरी बसलेला धंदा पूर्वीच्या इभ्रतीने पुन्हा उभा राहिला नाही. ज्या वृद्ध कारागिरापाशी मी बसलो त्यांना सारे चाचा म्हणत, म्हणून मीही म्हणू लागलो. त्यांनी मला पहिले काही दिवस लगद्याच्या हौदाकडे फिरकूच दिले नाही, अंबाडीच्या जुन्या दोरखंडांचे बोटभर तुकडे करावयास लावले. मी घाई करू लागलो की ते आपल्या दखनीत म्हणत, “जल्दी नक्को करो, साहेब. कागद को सब याद रहता.”

अंबाडी आम्हां सीमेवरच्या लोकांना परकी नाही. तुरीच्या कडेने ती पेरावी, कोवळ्या पाल्याची आंबट भाजी करावी, जिला आमचे कानडी शेजारी पुंडी म्हणतात, आणि ताटे वाढली म्हणजे दहापंधरा दिवस पाण्यात कुजवून त्यांचा वाख सोलावा व त्याची दावी, कासरे आणि चऱ्हाटे वळावीत, हा क्रम मी लहानपणापासून पाहिलेला. मात्र कागदाला नव्या वाखापेक्षा बैलाने वर्षभर ओढून मऊ केलेले दावे अधिक मानवते, ही गोष्ट चाचांनी सांगेपर्यंत आमच्या गोठ्यातील कोणाही शहाण्याच्या ध्यानी आली नव्हती.

घरी परतल्यावर मी तुकडे चुन्याच्या पाण्यात आठवडाभर मुरविले, मोगरीने कांडले, धुतले, पुन्हा चुन्यात घातले आणि पुन्हा कांडले. पायाने चालवावयाची ढेंकी नसल्यामुळे खांदे भरून आले. परंतु ढेंकीवर जे पायांना कळले असते ते येथे मनगटांना कळले, की आरंभी तंतू मोगरीला झिडकारतो आणि पुढे एका क्षणी तिचा आवाज कोरड्याचा ओला होतो. चिमूटभर लगदा पाण्याच्या पेल्यात घालून उजेडाकडे धरावा; गाठी तरंगल्या तर काम अपुरे, ढगासारखा पसरला तर तयार. लगद्यात मी भेंडीच्या ताटांचा बुळबुळीत रसही घातला. गुऱ्हाळात उसाच्या रसाची मळी काढण्यास तो वापरतात. येथे तो पाण्याला जड करून तंतूंना सावकाश आणि सारखे बसू देतो. अंबाडी आणि भेंडी एकाच कुळातल्या, तेव्हा हे घरातल्या घरात झाले.

हौदाची विद्या मात्र शब्दांत मावत नाही. गवताच्या काड्यांची छापरी चौकटीवर ठेवून पाण्यात तिरपी उतरवावी, आडवी करून वर आणावी, आणि पाणी निथळण्याच्या त्या दोनतीन पळांत पुढे-मागे व आडवी अशी हलवावी, की तंतू एकमेकांत गुंततील. मनगट एकीकडे झुकले की ताव एका कडेला जाड आणि दुसरीकडे जाळीदार निघतो. ताव हा शब्द मराठीत रागालाही लावतात, आणि पहिल्या दिवशी माझ्या हौदातून निघाला तो बहुधा दुसऱ्याच अर्थाचा. ओले ताव मध्ये कापड न घालता एकावर एक ठेवीत जावे, दगडाखाली दाबावे आणि मग एकेक सोडवून कुंचल्याने गुळगुळीत भिंतीवर चिकटवावा. वाळताना तो कडेने आपोआप सुटू लागतो. शेवटी पिठाची खळ देऊन दगडाने घोटला म्हणजे लिहिण्याजोगा होतो. असे चोवीस ताव म्हणजे एक दस्ता. मला एक दस्ता भरावयास सबंध हिवाळा लागला.

रंगाचा मोह येथेच शिरला. आमच्या काळ्या जमिनीत करडई उदंड. तिच्या पाकळ्यांत दोन रंग असतात. थंड पाण्यात धूत राहिले म्हणजे उथळ पिवळा रंग वाहून जातो, आणि मग पापडखाराच्या पाण्यात चुरून त्यावर लिंबू पिळले की लपलेला कुसुंबी तांबडा प्रकट होतो. डाळिंबसालीचा पिवळा कागदावर टिकविण्यास तुरटी लागली असती, आणि ज्या तुरटीने माझे गिरणी-कागद खाल्ले तीच स्वहस्ते घालणे मला रुचेना. कुसुंबा मात्र तुरटीवाचून तंतूला धरतो. मी हर्षाने ताव बुडविले. पहिला तास ते गुलालासारखे दिसले. सायंकाळी पाहतो तो जागोजाग फिक्या पिवळट चकत्या. लगद्यात राहिलेल्या चुन्याच्या क्षारानेच तो तांबडा पळविला होता! ज्या चुन्याने कागदाला दीर्घायुष्य दिले असते त्यानेच त्याचा रंग नासवावा, आणि ज्या आम्लाने रंग राखला असता त्याने कागद खावा, या दोघांच्या भांडणात मी सापडलो.

ते चकतीदार ताव घेऊन मी पुढील खेपेस चाचांकडे गेलो. त्यांनी रंगाकडे पाहिलेच नाही. एक ताव कानाशी नेऊन हलविला, त्याची खडखड ऐकली, मग उजेडाकडे धरून बराच वेळ न्याहाळला.

“धोये कहाँ?” त्यांनी विचारले.

“घरीच, टाकीत,” मी म्हणालो.

“तुम्हारे पास मांजरा नदी है ना?”

मी होय म्हणालो. ताव माझ्या हाती देऊन ते पुन्हा हौदाकडे वळले.