तीन पंखांचा करंडा

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपल्या शाळेत ही व्याख्यानमाला भरते, त्यांच्याविषयी व्यासपीठावरून बोलणारे विद्वान वक्ते पुष्कळ आहेत. मी वक्ता नव्हे. मुंबईच्या ओतशाळांसाठी लाकडी नमुने, म्हणजे ‘पॅटर्न’, घडविण्यात माझे आयुष्य गेले. तेव्हा या पुस्तिकेसाठी काही लिहावे अशी संयोजकांची आज्ञा झाली, त्या वेळी मी एवढेच ठरविले की, गुरुजींनी मला शिकविलेली एक वस्तू कशी घडते ते नीट समजावून सांगावे. ती वस्तू म्हणजे चार पंखांचा लाकडी करंडा. तो घडविताना माझ्या हातून दोन चुका झाल्या. त्यांतली दुसरी चूक आजही आमच्या घरी फडताळात ठेवलेली आहे.

करंडा आपल्याला नवा नाही. चरकावर कातलेला, लाखेच्या रंगीत पट्ट्यांनी नटलेला कुंकवाचा करंडा आपल्या आया-आज्यांच्या देव्हाऱ्याशेजारी असे. आपल्या भागात तो बहुधा सावंतवाडीहून येई. 1788 मध्ये पेडणे महाल पोर्तुगिजांच्या ताब्यात गेला. त्यापूर्वी तो वाडीकर भोसल्यांच्या अमलाखाली होता. राज्य बदलले, तरी बाजारहाट आणि सोयरीक तुटली नाही. किरणपाणीला तेरेखोल नदी ओलांडून आरोंद्याला उतरायचे आणि पुढे वाडी गाठायची, ही वाट हरमलच्या जुन्या माणसांच्या पायांखालची होती. वाडीच्या चितारआळीत लाकडी फळे, खेळणी, पाट, चौरंग आणि करंडे यांची दुकाने आजही आहेत. विसाव्या शतकाच्या मध्यावर ही कला क्षीण झाली होती. 1970 च्या दशकापासून शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी राजवाड्यातच कारागिरांना काम देऊन लाखकाम व गंजिफा यांना पुन्हा उभारी दिली, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. दक्षिण गोव्यात कुंकळ्ळीच्या चिताऱ्यांनी हीच विद्या जोपासली.

परंतु हा सारा करंडा गोल. चरकाचा धर्मच गोल करण्याचा. लाकूड स्वतःभोवती फिरते, हत्यार स्थिर राहते आणि जे जे बाहेर डोकावेल ते ते छाटले जाते. मग त्याच चरकावर कोपरे असलेली, पंख पसरलेली वस्तू कशी निघावी?

हा प्रश्न आमच्यापुढे 1983 साली आला. त्या काळी हिवाळ्यात हरमलच्या किनाऱ्यावर विदेशी पाहुणे येऊन राहू लागले होते. त्यांतला एक लाकूडकामाचा शौकीन शाळेच्या कार्यशाळेत डोकावला आणि आपल्या वहीतले एक छायाचित्र त्याने गुरुजींना दाखविले. मधोमध झाकणाची गोल डबी आणि तिच्या चारही अंगांना वर उचललेले पातळ पंख. आम्ही मुले चकित झालो. गुरुजींनी मात्र चित्र थोडा वेळ न्याहाळले आणि कोपऱ्यात दुरुस्तीसाठी आलेल्या पाळण्याकडे बोट दाखवून म्हणाले, “अरे, ही विद्या त्या खुरात आहे.”

त्यांचे म्हणणे खरे होते. पाळण्याचा खूर किंवा चौरंगाचा पाय पाहा. जिथे सांधा बसवायचा तिथे तो चौकोनी ठेवलेला असतो, कारण सांध्याला सपाट बाजू लागते. मधला भाग तेवढा गोल कातलेला असतो. चौकोन जिथे संपतो आणि गोल सुरू होतो, तिथे कातारी आधी पटाशीच्या टोकाने चारही कोपरे हलकेच तोडून घेतो आणि मगच पुढे जातो. ही दक्षता घेतली नाही तर कोपऱ्याची ढलपी उडते. पंखांचा करंडा म्हणजे याच युक्तीचा विस्तार होय. कोपरा राखायचा, तर तो कुठे राखायचा हे आधी ठरवावे लागते.

पंख कोणी कोरत नाही, हेही इथे सांगितले पाहिजे. चौरस ठोकळ्याला पसरट ताटासारखा एकच बाक दिला की पंख आपोआप प्रकट होतात. चौरसाच्या बाजूचा मध्य अक्षापासून जवळ, कोपरा दूर. ताटाचा बाक केंद्रापासून जसजसा दूर जातो तसतसा वर चढतो. म्हणून कोपरे उंच उचललेले दिसतात आणि बाजूंचे मध्य खाली राहतात. डोळ्यांना पक्षी दिसतो, प्रत्यक्षात असते ती भूमिती.

आता अडचण कुठे येते ते पाहू. आमचा ठोकळा 15 सेंटीमीटर चौरस आणि 7 सेंटीमीटर जाड होता. त्याचा कोपरा अक्षापासून 10.6 सेंटीमीटरवर येतो. केंद्रापासून 9 सेंटीमीटर अंतरावर हत्यार धरले, तर एका फेऱ्यात जेमतेम चौथा हिस्सा लाकूड भेटते. उरलेले तीन हिस्से निव्वळ हवा! चरक मिनिटाला 1000 फेरे घेत असेल, तर सेकंदाला सुमारे 66 कोपरे हत्यारापुढून जातात आणि कोपऱ्याच्या टोकाचा वेग ताशी 40 किलोमीटर भरतो. डोळ्यांना मात्र कोपरा दिसत नाही, एक धूसर कडे तेवढे दिसते. गुरुजी चरकामागे काळे कापड टांगीत, म्हणजे त्या धूसर कड्यातून पंखाची खरी रेघ स्पष्ट दिसे. नजर हत्याराच्या टोकावर न ठेवता त्या रेघेवर ठेवायची, हा त्यांचा पहिला पाठ.

गोल लाकूड कातताना पटाशीच्या धारेमागचा उतार लाकडावर टेकतो आणि त्या आधाराने हात स्थिर राहतो. पंखांवर हा आधार क्षणोक्षणी नाहीसा होतो. हात किंचित जरी रेटला, तरी हत्यार मधल्या पोकळीत घुसते आणि मागून येणारा पंख त्यावर आदळतो. माझी पहिली चूक हीच. मला वाटले, लाकूड कापले जात नाही, म्हणून मी जोर केला. टणत्कार झाला, पंखाचा तुकडा माझ्या कपाळाला लागून छपराकडे उडाला. गुरुजींनी चरक बंद केला, जखमेवर हळद दाबली आणि एवढेच म्हणाले, “तू लाकूड कापत नव्हतास, ढकलत होतास.” आज या कामाला चेहरा झाकणारी पारदर्शक ढाल अनिवार्य मानतात, आणि ते योग्यच आहे. हत्यार टेकवायच्या पट्टीपलीकडे बोट नेऊ नये, चरक चालविण्यापूर्वी ठोकळा हाताने एक पूर्ण फेरा फिरवून कुठे अडत नाही हे पाहावे, हे नियम तर त्या काळीही होतेच.

यानंतर गुरुजींनी आम्हांला एक सोपी तोड दाखविली. हत्यार लाकडातून हवेत बाहेर पडते, त्या कडेचे तंतू मागे आधार नसल्यामुळे फाटतात. म्हणून ठोकळ्याच्या चारही बाजूंना टाकाऊ लाकडाच्या पट्ट्या सरसाने चिकटवायच्या आणि मध्ये वर्तमानपत्राचा कागद घालायचा. मग चरकाच्या दृष्टीने वस्तू अखंड गोल होते. काम संपल्यावर त्या कागदाच्या सांध्यात पटाशी ठेवून हलका ठोका दिला की कागद मधोमध उकलतो, पट्ट्या सुटतात आणि पंख मोकळे होतात. नवशिक्याने हाच मार्ग धरावा. आमच्याजवळ चार जबड्यांचा चक नव्हता. ठोकळादेखील आम्ही याच कागदी सांध्याने चरकाच्या चकतीवर बसवीत असू.

कामाचा क्रम ठरलेला आहे. प्रथम पंखांची खालची बाजू आणि बैठक कातायची. मग ठोकळा उलटा बसवून पंखांची वरची बाजू कडेकडून केंद्राकडे, थोडी थोडी करीत उतरवायची. या वेळी मधला गाभा भरीव ठेवायचा, कारण त्याच्याच वजनामुळे पातळ पंख थरथरत नाहीत. पंख 4 ते 5 मिलिमीटर जाडीचे झाले, मनासारखे झाले, की त्यांना पुन्हा हत्यार लावायचे नाही. मगच डबीचे पोट पोखरायला घ्यायचे. पोट पोखरल्यावर आतील ताण सुटून लाकूड किंचित हलते, आणि मग पंखाची कड पहिल्या जागी राहत नाही. घासकागद पंखांवर फिरवायचा तो चरक थांबवून, हाताने.

येथपर्यंत मी सांगितले ते हाताचे कौशल्य. परंतु खरा पेच लाकडाच्या स्वभावात आहे, आणि माझी दुसरी चूक तिथली.

झाकणाच्या डबीसाठी जाणता कातारी लाकडाचे तंतू उभे, म्हणजे चरकाच्या अक्षाच्या दिशेने ठेवतो. लाकूड लांबीत जवळजवळ आकसत नाही. रुंदीत आकसते, आणि त्यातही वर्षवलयांच्या अंगाने होणारे आकुंचन गाभ्यापासून सालीकडच्या दिशेपेक्षा साधारण दुप्पट असते. तंतू उभे असले तर डबीचा गोल पुष्कळसा गोल राहतो आणि झाकण बसते. पण तंतू उभे ठेवले तर बाजूला पसरलेल्या पंखात ते आडवे तुटलेले राहतात. असा पातळ पंख बिस्किटासारखा मोडतो. पंख टिकवायचे तर तंतू आडवे हवेत. तंतू आडवे ठेवले की डबीचा गोल हवामानाबरोबर लंबगोल होतो. पंखांना जे मानवते ते झाकणाला मानवत नाही, असा हा तिढा आहे.

गुरुजींनी त्यावर तीन उपाय सांगितले होते. लाकूड शिवणीचे घ्यावे, कारण ते वाळल्यावर कमी हलते. झाकण त्याच फळीतून काढावे आणि दोहोंचे तंतू एका दिशेला येतील अशी खूण म्हणून आत लाखेचा ठिपका द्यावा, म्हणजे डबी जशी हलेल तसेच झाकणही हलेल. तिसरा उपाय सर्वांत महत्त्वाचा: करंडा ओबडधोबड कातून जाड ठेवावा, एक पावसाळा माळ्यावर जाऊ द्यावा आणि मग पुन्हा चरकावर चढवून पुरा करावा.

मी पहिले दोन पाळले. तिसरा पाळला नाही. वैशाखात करंडा पुरा केला, झाकण असे घट्ट बसविले की उघडताना हवेचा बारीक ‘पुक्’ असा आवाज येई. त्या आवाजाचा मला केवढा अभिमान वाटला होता! लाख मी पोटावर आणि झाकणावर चढविली होती. लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबली की घर्षणाच्या उष्णतेने ती वितळते आणि पसरते. मग केवड्याच्या सुक्या पानाने तिला झळाळी येते. केवडा तर आपल्या किनाऱ्यावर मुबलक. पंखांवर मात्र कांडी चालत नाही. तुटक तुटक धक्क्यांनी ती फुटते. म्हणून पंखांना नुसते तेल. तांबडे पोट आणि फिकट पिवळसर पंख असा तो करंडा मी आईला दिला.

श्रावणात घरी हळदीकुंकू होते. बायका जमल्या आणि झाकण निघेना. आषाढभर हवेतला ओलावा पिऊन ते फुगले होते. आईने एका हातात झाकण धरले, दुसऱ्या हाताने पकडायला पंखच सोयीचा होता. तो तिच्या हातात आला. ती काही बोलली नाही. शेजारणीच्या करंड्यातले कुंकू घेऊन कार्यक्रम पार पडला. माझे झाकण कार्तिकात, वारा कोरडा झाल्यावर, आपण होऊन सैल झाले.

मी गुरुजींना तो दाखविला, तेव्हा त्यांनी मोडलेल्या जागेवरून अंगठा फिरविला आणि विचारले, “पंख मोडला कशाने?” मी म्हणालो, “आईने ओढल्यामुळे.” ते म्हणाले, “नाही. तुला वैशाखात घाई झाली त्यामुळे.” पुढे पॅटर्नच्या कामात पस्तीस वर्षे काढली, वस्तू ज्या दिवशी चरकावरून उतरते त्या दिवशी ती पुरी होत नाही, ज्या हवेत आणि ज्या हातांत ती राहायची आहे तिथे तिची परीक्षा होते, हे मी प्रत्येक लाकडाच्या वेळी आठवले. आपल्या कोकणच्या हवेत तर चार महिन्यांचा पाऊस हाच परीक्षक.

आज विजेचा चरक, चार जबड्यांचा चक आणि झटपट चिकटणारी रसायने सहज मिळतात. विद्यार्थ्याला पंखांचा करंडा आमच्यापेक्षा सुबक करता येईल, यात मला शंका नाही. मला भीती वाटते ती दुसरीच. वेळापत्रकातून हस्तव्यवसायाचा तास जसजसा आक्रसत जातो, तसतशी एका पावसाळ्यापुरतीदेखील थांबण्याची सवय मुलांना लागणार कुठे? प्लॅस्टिकच्या डबीचे झाकण आषाढात अडत नाही हे खरे, पण ते मुलाला काही शिकवीतही नाही. शाळेच्या माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे की, कार्यशाळेतला जुना चरक दुरुस्त करून पुन्हा चालू करावा. हत्यारांचा खर्च उचलण्यास मी सिद्ध आहे. शिवणीच्या फळ्याही मी देईन, एक पावसाळा आधी.

आई आता नाही. मोडलेला पंख सरसाने सहज जोडता आला असता, पण तिने जोडू दिला नाही. तीन पंखांच्या त्या करंड्यातलेच कुंकू ती अखेरपर्यंत वापरीत होती. व्याख्यानाच्या दिवशी मी तो घेऊन येणार आहे. ज्यांना पाहायचा असेल त्यांनी अवश्य हातात घ्यावा आणि झाकण उघडून पाहावे. दिवस कोरडे असतील, तर ते निघेल.