पॅलेस्टाईनचा तंटा आणि शांततेची जबाबदारी

पॅलेस्टाईनच्या प्रश्नावर कोठेही व्याख्यान झाले की शेवटी सभेतून एक प्रश्न हमखास येतो : "पण आधी सुरुवात कोणी केली?" विचारणाऱ्याच्या मनात उत्तर बहुधा तयारच असते. ज्याला ज्यूंचा कळवळा, तो २०२३ च्या ७ ऑक्टोबरपासून मोजतो. ज्याला अरबांचा, तो १९४८ पासून. कोणी १९२९ धरतो, कोणी १९६७, आणि कोणी तर थेट जुन्या करारापर्यंत मागे जातो. एकदा तारीख निवडली की गुन्हेगार आपोआप ठरतो, ही यातली खुबी आहे. युनियनच्या कामात आमची हयात गेली. तेथेही हेच पाहिले. कारखान्यावर दगडफेक झाली की मालकाचा हिशेब दगडापासून सुरू होतो आणि कामगाराचा तीन महिने थकलेल्या पगारापासून. दोन्ही हिशेबांत खोटा आकडा एकही नसतो.

नाटे गावच्या मंडळींना तर यासाठी लांब जाण्याचे कारण नाही. २०११ साली १८ एप्रिलला, जैतापूर प्रकल्पाविरुद्धच्या आंदोलनात, येथील पोलिस ठाण्यापाशी जमाव आणि पोलिस समोरासमोर आले, गोळीबार झाला आणि एक मच्छीमार तरुण प्राणास मुकला. पहिले पाऊल कोणाचे, यावर वाद झाले. त्या वादाचा निकाल कसाही लागला असता, तरी त्या घरचा माणूस परत येणार नव्हता आणि प्रकल्पाचा प्रश्नही जागचा हलणार नव्हता. गुन्हा कोणाचा, हा एक प्रश्न. आणि आता पुढचे निस्तरायचे कोणी, हा दुसरा. पॅलेस्टाईनसंबंधीच्या चर्चेत या दोहोंची सदैव गल्लत होते, आणि ती सोडवावी एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम 'दहशतवाद' हा शब्द घेऊ. १८९७ साली पुण्यात रँडचा वध करणारे चापेकर बंधू आणि १९०९ साली नाशकात जॅक्सनवर गोळी झाडणारे अनंत कान्हेरे यांना आपण क्रांतिकारक म्हणतो. त्या वेळच्या सरकारने त्यांना याहून फार निराळी नावे दिली होती. तेव्हा माणूस कोणत्या बाजूचा आहे हे पाहून शब्द वापरायचा, तर तो शब्द शिवीपलीकडे काही कामाचा राहत नाही. माप कृत्याला लावले पाहिजे. ज्यांच्या हाती शस्त्र नाही आणि राज्यकारभारही नाही, अशा माणसांना जाणूनबुजून मारायचे किंवा ओलीस धरायचे, आणि त्या धाकाने बाकीच्यांना नमवायचे, हा आमच्या मते दहशतवाद.

हे माप हाती घेतले की दोन्ही बाजूंची अडचण होते. १९२९ मध्ये हेब्रॉन शहरात ६७ ज्यू कापले गेले. १९४६ च्या २२ जुलैला जेरुसलेमचे किंग डेव्हिड हॉटेल इर्गुन या ज्यू संघटनेने सुरुंग लावून उडवले. आम्ही आधी इशारा दिला होता, असे त्या संघटनेचे म्हणणे. त्यात इंग्रज, अरब आणि ज्यू मिळून ९१ माणसे मेली. १९४८ च्या एप्रिलात देर यासीन या अरब खेड्यात शंभराहून अधिक लोकांची कत्तल झाली, आणि चारच दिवसांनी हदासा इस्पितळाकडे निघालेल्या डॉक्टर-परिचारिकांच्या ताफ्यावर हल्ला होऊन ७८ जण ठार झाले. १९७२ मध्ये म्युनिकला इस्राएलचे ११ खेळाडू व प्रशिक्षक मारले गेले. २०२३ च्या ७ ऑक्टोबरला हमासच्या माणसांनी एका दिवसात सुमारे १,२०० माणसे मारली आणि अडीचशेच्या आसपास ओलीस नेली. त्यांत म्हातारी होती, तान्ही मुले होती. या कृत्याला दुसरे नाव नाही, आणि 'पण' हा शब्द त्याच वाक्यात आणू नये असे आम्ही आमच्या कार्यकर्त्यांनाही सांगत आलो आहोत. 'पण' म्हणायचे तर नवे वाक्य सुरू करावे.

ते नवे वाक्यही लिहिले पाहिजे. त्यानंतरच्या दोन वर्षांत, २०२५ च्या ऑक्टोबरात युद्धविराम होईतो, गाझात ६५ हजारांहून अधिक माणसे मेल्याचे तेथील आरोग्य खात्याचे आकडे सांगतात. सैन्याचा हेतू शत्रूला मारण्याचा असतो, म्हणून त्याला हे माप लावू नये, असे एक मत आहे. हेतूचा फरक आम्ही मानतो. पण लाखो लोकांचे अन्नपाणी अडवून धरले, तर तेथे हेतू शोधत बसण्याची गरज उरत नाही. २०२४ च्या नोव्हेंबरात आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने इस्राएलचे पंतप्रधान नेतान्याहू व माजी संरक्षणमंत्री गॅलंट यांच्यावर, आणि त्याच दिवशी हमासचा सेनानी देइफ याच्यावरही अटकेचे हुकूम काढले. एकाच कचेरीतून, एकाच तारखेला. 

आता एका गावाची हकीकत सांगतो. लोद हे गाव तेल अवीवच्या आग्नेयेस आहे, आणि तेथे आजही काही घरांत मराठी बोलली जाते. अलिबागेजवळ नवगावच्या किनाऱ्याला ज्यांच्या पूर्वजांचे गलबत फुटले अशी परंपरा सांगतात, ते बेने इस्राएल लोक तुम्हां-आम्हांला परके नाहीत. कोकणात ते तेलाचे घाणे चालवीत, शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. नवगावकर, रोहेकर, पेणकर, किहिमकर ही त्यांची आडनावे. या कोकणाने त्यांना कधी छळले नाही; हा आपल्या किनाऱ्याचा मोठेपणा आहे आणि तो मोजक्याच देशांच्या वाट्याला आला. तरीही १९४८ नंतर त्यांतले बहुसंख्य हळूहळू इस्राएलला गेले. बीरशेबा, दिमोना, अश्दोद, लोद, रामले अशा ठिकाणी वसले. तेथे त्यांचे स्वागत फुलांनी झाले असे नाही. १९५१-५२ मध्ये काहींनी "आम्हांला परत मुंबईला पोहोचवा" म्हणून बैठा सत्याग्रह केला, आणि शंभराहून अधिक जण खरोखरच परत आले. पुढे १९६२ मध्ये धर्मगुरूंनी त्यांच्या विवाहसंबंधांविषयी शंका काढली, तेव्हा पुन्हा चळवळ झाली, आणि १९६४ मध्ये इस्राएलच्या संसदेला ठराव करून ते सर्वार्थाने ज्यू आहेत असे जाहीर करावे लागले. एकही दगड न मारता लढा जिंकल्याचे हे उदाहरण आमच्या युनियनच्या शिबिरांत आम्ही आवर्जून सांगतो.

पण त्याच लोदची दुसरी हकीकत आहे. १९४८ च्या जुलैपर्यंत ते अरबांचे गाव होते. त्या महिन्यात इस्राएलच्या सैन्याने लोद आणि शेजारचे रामले घेतले आणि पन्नास हजारांच्या आसपास माणसांना उन्हाळ्याच्या भर उन्हात पायी हुसकावले; वाटेत कित्येक तहानेने मेले. रिकाम्या झालेल्या त्या गावात मग देशोदेशींचे ज्यू वसवले गेले. आपली कोकणी मंडळीही त्यांत आली. त्यांनी कोणाला हुसकावले नव्हते. त्या निर्वासितांत जॉर्ज हबाश नावाचा एक तरुण होता, बेरूतला डॉक्टरी शिकणारा. १९६७ मध्ये त्याने पॅलेस्टाईन मुक्तीची एक जहाल संघटना काढली. १९७२ च्या ३० मे रोजी लोदच्याच विमानतळावर, त्या संघटनेने ठरवलेल्या तीन जपानी तरुणांनी बंदुका चालवून २६ माणसे मारली. मेलेल्यांत बहुतेक पोर्टो रिको बेटावरून यात्रेला आलेले ख्रिस्ती होते. १९४८ च्या जुलैशी त्यांचा काय संबंध?

हबाश असा का झाला ते समजते. विमानतळावरची माणसे का मारली जावीत ते मात्र समजूनही पटत नाही. समजणे आणि क्षमा करणे यांतला हा फरक महाराष्ट्राने स्वतःच्या अंगावर भोगला आहे. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या मुंबईच्या दंगलींत सुमारे नऊशे माणसे मेली, त्यांत ५७५ मुसलमान व २७५ हिंदू. पुढच्याच महिन्यात रायगडच्या शेखाडीच्या किनाऱ्यावर स्फोटके उतरली, आणि १२ मार्चला मुंबईत २५७ माणसे ठार झाली. न्यायमूर्ती श्रीकृष्ण यांच्या आयोगाने दंगली हे स्फोटांमागचे एक कारण दिसते, असे म्हटले. एवढे म्हणताच काहींनी ओरड केली की हे स्फोटांचे समर्थन आहे. रोगाचे कारण सांगणारा वैद्य रोगाचा पक्षपाती ठरत नाही, हे त्यांना कोणी सांगावे! असो.

गुन्ह्याचा हिशेब ज्याचा त्याचा, हे इतके झाले. शांततेच्या जबाबदारीचा हिशेब वेगळ्या तऱ्हेने मांडावा लागतो, आणि येथे आमचा धंद्यातला अनुभव थोडा उपयोगी पडतो.

१९८२ च्या १८ जानेवारीला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या मागे होते. त्यांतले फार मोठे कोकणातले. पण १९४६ च्या कायद्याप्रमाणे मान्यता होती राष्ट्रीय मिल मजदूर संघाला. सरकार म्हणे, आम्ही मान्यताप्राप्त युनियनशीच बोलणार. म्हणजे ज्याच्याशी बोलणे सोपे त्याच्या मागे कामगार नाहीत, आणि ज्याच्या मागे कामगार त्याच्याशी बोलणे नाही. तो संप रीतसर मिटला असे आजवर कोणी जाहीर केलेले नाही. घरे तेवढी मोडली. इस्राएलने १९८६ मध्ये कायदाच केला होता की अराफतांच्या मुक्ती संघटनेशी कोणी नागरिकाने बोलणी केली तर तो गुन्हा. १९९३ च्या जानेवारीत तो कायदा रद्द झाला, सप्टेंबरात दोन्ही पक्षांनी एकमेकांना मान्यता दिली आणि १३ तारखेला वॉशिंग्टनला करारावर सह्या झाल्या. तोच अराफत, तेच राबिन. राबिन हे तर १९४८ मध्ये लोद रिकामे करण्याच्या हुकुमावर सही करणारे अधिकारी.

करार मोडला कोणी? १९९४ च्या फेब्रुवारीत एका ज्यू माथेफिरूने हेब्रॉनच्या मशिदीत नमाज पढणारे २९ जण मारले. चाळीस दिवसांनी हमासने अफूला गावी बसजवळ स्फोट घडवला आणि ती मालिका सुरू झाली. १९९५ च्या ४ नोव्हेंबरला राबिनना गोळी घातली ती एका ज्यूनेच. १९९६ च्या आरंभी जेरुसलेमच्या बसगाड्या उडाल्या आणि मेमधल्या निवडणुकीत कराराचे विरोधक एक टक्क्याहूनही कमी मतांनी निवडून आले. 'शेवटचा दगड पडेपर्यंत बोलणी नाहीत' असे म्हणणाऱ्याला हे कळत नाही की त्याने बोलण्याच्या खोलीची किल्ली दगड मारणाऱ्याच्या हाती दिली. राबिनना ते कळले होते. स्फोट होत असतानाही ते टेबलावरून उठले नाहीत.

यातून जबाबदारीची वाटणी कशी होते? आपल्या बाजूच्या माथेफिरूला आवरणे हे प्रत्येकाचे काम. ते दुसऱ्याने करून चालत नाही. संपात आमच्या माणसाने जॉबरच्या डोक्यात काठी घातली तर त्याला हुडकायचे आमचे काम, पोलिसाआधी. पॅलेस्टिनी पुढाऱ्यांनी हे पुरते केले नाही. हमासने तर २००७ पासून गाझात सत्ता धरली आणि पुन्हा निवडणूक म्हणून घेतली नाही. दुबळ्याची जबाबदारी कमी असते, शून्य नसते. उलट ज्याच्या हाती जमीन, पाणी, परवाने आणि नाकी आहेत, त्याची जास्त. १९९३ मध्ये पश्चिम किनाऱ्याच्या वसाहतींत, पूर्व जेरुसलेम सोडून, एक लाखाच्या आसपास इस्राएली राहत होते. आज ती संख्या पाच लाखांच्या घरात आहे. बोलणी चालू असताना वादातल्या जमिनीवर बांधकाम चालू ठेवणारा पक्ष तडजोड मागतो आहे, असे कोणता पंच मानील?

सत्ता हाती असलेल्याने पुढाकार घेतला तर काय होते, ते भिवंडीत दिसले. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी होरपळलेल्या त्या गावात १९८८ मध्ये पोलिस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. हिंदू-मुसलमान शेजारी ठरल्या दिवशी एकत्र बसत, नळावरच्या भांडणापासून सारे तेथेच निघे. १९९२ च्या डिसेंबरात मुंबई जळत असता भिवंडी शांत राहिली. यंत्रमागाच्या त्या गावात लोक एकाएकी सज्जन झाले नव्हते. अफवा आली की ती कोणाला विचारायची, एवढे त्यांना ठाऊक होते.

राहता राहिला आपला संबंध. २०२३ च्या ऑक्टोबरापूर्वी सुमारे दीड लाख पॅलेस्टिनी मजूर रोज इस्राएलात कामाला जात. हल्ल्यानंतर त्यांचे परवाने बंद झाले, बांधकामे अडली, आणि त्या जागी भारतातून माणसे नेण्यास सुरुवात झाली. २०२४ च्या सप्टेंबरात त्यासाठी पुण्यातही निवड-चाचण्या झाल्या. देशातल्या प्रमुख कामगार संघटनांनी आधीच, २०२३ च्या नोव्हेंबरात, याला विरोध नोंदवला होता. पगार महिना सव्वा लाखाच्या वर. सेंटरिंगचे काम करणाऱ्या आपल्या पोराला तो दोन जन्मांत दिसायचा नाही. जाणाऱ्याला आम्ही दोष देत नाही. आमच्याकडे विचारायला आलेल्यांना आम्ही करारपत्र वाचून दाखवायला सांगतो आणि चार गोष्टी तपासतो : कामाच्या जागी तळघराचा आसरा आहे का, जखमी झाल्यास भरपाई कोण देणार, पासपोर्ट कोणाकडे राहणार, आणि मुदतीआधी परत यायचे झाले तर तिकीट कोणाचे. २०२४ च्या मार्चमध्ये लेबाननकडून आलेल्या क्षेपणास्त्राने शेतात काम करणारा केरळचा एक माणूस तेथे मेला. पाचवी गोष्ट करारपत्रात नसते. तुझ्या आधी त्या पराचीवर कोण उभा होता आणि आता तो काय खातो, हे तेथे गेल्यावर विचार, असे आम्ही त्यांना सांगतो.